मुरली डॉक्टरांचं पोट

गोंदियात पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन करून घ्यायला जो कोणी माझ्याकडे येतो, त्याला माझ्याविषयीची एक गोष्ट बहुधा आधीच कळलेली असते. स्टेशनवरून आणणारा ऑटोवाला सांगतो, नाहीतर दवाखान्याखालचा औषधवाला सांगतो. "हाच तो डॉक्टर. यानं आपल्या गुरूचंच पोट दोनदा कापलं." गोष्ट खरी आहे. पहिल्यांदा दुर्बिणीनं, चार बारीक छिद्रांतून. दुसऱ्यांदा छातीच्या हाडाखालून बेंबीच्याही खालपर्यंत, सरळ. मी ती कधी नाकारली नाही. पण ती सांगणाऱ्यांना मुरली डॉक्टर कसे होते हे ठाऊक नसतं, आणि त्याशिवाय ती गोष्ट अर्धीच राहते.

डॉ. मुरलीधर मूळचे केशोरीचे. घर कोहळी समाजाचं. आमच्या भागातले जुने तलाव ज्यांच्या पूर्वजांनी बांधले ते हे लोक, आणि सरांना त्याचा फार अभिमान. गोंदियात त्यांनी छोटा दवाखाना काढला तेव्हा पोटाचा सर्जन म्हणून ते एकटेच होते असं नाही, पण देवरी, चिचगड, अर्जुनीकडून येणारा माणूस बसस्टँडवर उतरून "मुरली डॉक्टर" एवढंच विचारायचा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चपला. ऑपरेशन आटोपून कपडे बदलताना ते सतत बोलत असत, त्यामुळे शर्टाचं एक बटण नेहमी चुकायचं. एक बाजू वर, एक खाली. दिवसभर ते तसेच वावरायचे. सिस्टर माझ्याकडे बघायच्या, मी सिस्टरांकडे. पण सरांना सांगायचं कोणी? संध्याकाळी घरी गेल्यावर काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या.

पेशंट तपासताना मात्र ते बोलत नसत. थंडीच्या दिवसांत दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचे आणि मग उजवा हात पोटावर पसरून ठेवायचे. दाबायचे नाहीत, नुसता ठेवायचे. पोटाला त्या हाताची सवय होऊ द्यायचे. मग कुठेतरी एक बोट हळूच आत जायचं, आणि त्यांची नजर पोटावर नसायची, पेशंटच्या चेहऱ्यावर असायची. एकदा एका शिक्षकानं वैतागून म्हटलं, "साहेब, सोनोग्राफीत आलंय ना सगळं." सर म्हणाले, "गुरुजी, दुखलं म्हणून सोनोग्राफीसमोर तुम्ही तोंड वाकडं करता का? माझ्यासमोर करून राहिले."

राउंडवर त्यांचा प्रश्न ठरलेला. ऑपरेशननंतर आतडी चालू झाली की नाही, हे समजायची सगळ्यात साधी खूण म्हणजे वारा सरणं. बायकांना ते "वारा सरला का, माय?" असं विचारायचे. पुरुषांना तेवढीही सवलत नव्हती. वॉर्डच्या दारातूनच आवाज यायचा, "का बे, पादला का?" सुटाबुटातला व्यापारी असो की चिचगडचा मोहफुलं वेचणारा, प्रश्न तोच आणि आवाजही तेवढाच. ज्याचं उत्तर 'हो' असायचं, त्याचं सर अभिनंदन करायचे.

मी नागपुरात शिकून, दुर्बिणीची शस्त्रक्रिया हातात घेऊन गोंदियात परतलो, तेव्हा सरांची पन्नाशी केव्हाच मागे पडलेली होती. आधी उमेदवारी मी त्यांच्याकडेच केलेली. टाका कसा घालायचा हे त्यांनी माझ्या हाताला धरून शिकवलं होतं. आता मी त्यांना शिकवायचं होतं. पोटात हवा भरून ते फुगवायचं, एका छिद्रातून कॅमेरा घालायचा, बाकीच्या छिद्रांतून लांब हत्यारं, आणि पडद्यावर बघत काम करायचं. सरांनी विनातक्रार मदतनिसाची जागा घेतली. कॅमेरा धरणं हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोराचं काम. सर तो धरून उभे राहत. पहिल्या दिवसांत चित्र इतकं हलायचं की मला गाडी लागल्यासारखं व्हायचं. "सर, जरा स्थिर," असं म्हणताना माझी जीभ अडखळायची. एकदा तेच म्हणाले, "काऊन बे सुधाकर, दुसरा कोणी असता तर आतापर्यंत शिव्या दिल्या असत्या ना? मले पण दे."

मी दिल्या नाहीत. देऊ शकलो नाही.

काम संपलं, हत्यारं काढायची वेळ आली की सर म्हणायचे, "थांब. एक फेरी मार." मग कॅमेरा पोटभर फिरायचा. यकृताखाली, आतड्यांवरून, पार खाली ओटीपोटापर्यंत. ही सवय त्यांनी केशोरीहून आणली होती. त्यांचे आजोबा रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, फेरी मारायचे. सर सांगायचे, "लोकाले वाटे, बुढा पाणी पाहून राहिला. तो पाणी नाई पाहे. तो पाळीची मागची, कोरडी बाजू पाहे. तिथं माती ओली दिसली की समजाचं. पाळ लाटेनं नाई फुटत बे. आतून भिजून राहिली असते, अन् वरून सारं चांगलं दिसते."

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतले धोके सांगायची सरांची पद्धत मात्र दवाखान्याला परवडणारी नव्हती. एक राइसमिलवाले सेठ आले होते. कुठूनतरी ऐकून आले होते की आता पोट फाडावं लागत नाही. सरांनी त्यांना समोर बसवलं.

"सेठ, चार छेद करेंगे. पहला छेद डालते समय अंदर दिखता नहीं. कभी आंत को लग सकता है, कभी बडी नस को. पित्त की नली को चोट लग सकती है. औजार की गरमी से आंत जल सकती है, और उस दिन पता भी नहीं चलेगा. अंदर सब चिपका हुआ मिला, तो पेट खोलना पडेगा."

सेठांचा चेहरा उतरला. "डॉक्टरसाब, आप इलाज कर रहे हो कि डरा रहे हो?"

"दोनों. पहले डराता हूँ, बाद में इलाज करता हूँ."

सेठ उठून गेले ते रायपूरला. मी सरांना म्हटलं, "सर, एवढं सगळं सांगायची काय गरज होती? क्वचित एखाद्याला होतं हे."

"ज्याले होते त्याले पुरंच होते ना बे?" सर म्हणाले आणि लाखोरीच्या डाळीचा वडा तोंडात टाकला.

त्यानंतर पेशंटशी बोलायचं काम मी हळूहळू माझ्याकडे घेतलं. माझं बोलणं गोड होतं. चार बारीक छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी, डागही दिसणार नाही. धोके मी सांगत नव्हतो असं नाही. पण शेवटी, भराभर, लग्नपत्रिकेत खाली छापलेल्या नावांसारखे. लोक खूश होऊन जायचे. दवाखाना वाढला. सरांनी मला कधी टोकलं नाही, आणि मी ती संमती समजलो.

चिचगडच्या एका बाईंचं ऑपरेशन मला नेहमी आठवतं. पित्ताशय जुन्या सुजेनं आजूबाजूला असं चिकटलेलं होतं की काय कुठं सुरू होतं हे कळत नव्हतं. सर कॅमेरा धरून होते.

"उघड," ते म्हणाले.

"सर, पाच मिनिटं. निघेल."

"तुले नळी दिसून राहिली का?"

मी हत्यार पुढे सरकवलं. तेवढ्यात पडदा काळा झाला. सरांनी कॅमेरा बाहेर ओढून घेतला होता. "आता तर काहीच नाई दिसत ना? मंग उघड."

पोट उघडून ऑपरेशन नीट झालं. बाहेर त्या बाईंचा भाऊ संतापलेला. नातेवाइकांना सामोरं जायला मी कपडे बदलण्यात जरा जास्तच वेळ लावत होतो. सर रक्ताचे डाग पडलेल्या गाऊनमध्येच बाहेर गेले.

"दुर्बिणीनं करतो म्हनलं ना तुमी? मंग एवढं कायले फाडलं?"

"मीच फाडाले लावलं. अंदर सारं चिकटून होतं. दिसत नाई तिथं आम्ही कापत नाई. मले तुमच्या बहिणीले वाचवाचं होतं, दुर्बिणीले नाई."

भावानं सरांच्या गाऊनवरचे डाग पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "पानी तरी देऊ का तिले?"

"वारा सरल्यावर," सर म्हणाले, आणि तो रागातला माणूस हसला.

सरांच्या स्वतःच्या पित्ताशयात खडे आहेत हे त्यांना आणि मला कित्येक वर्षांपासून माहीत होतं. दुखलं की ते गोळी घ्यायचे, दोन दिवस वडे बंद ठेवायचे आणि पुन्हा सुरू करायचे. मी विषय काढला की म्हणायचे, "निवृत्त होऊ दे, मंग पोट तुझंच आहे." शेवटी एकदा दुखणं गोळीला दाद देईना. त्यांच्या मुलीनं पुण्याहून सांगितलं, इथे या. मी म्हटलं, नागपूरला माझे प्रोफेसर आहेत. सर म्हणाले, "का बे, ज्या दवाखान्यात मी दुसऱ्याले झोपवलं तिथं मले झोपाले लाज वाटावी का? तूच कर. अन् ऐक, उघडाची पाळी आली तर मी शुद्धीवर येतो म्हणून वाट नको पाहू."

मला अभिमान वाटला. हे मी आधी लिहायला हवं होतं. भीती नंतर वाटली, आधी अभिमानच वाटला. ऑपरेशनच्या दिवशी वॉर्डातले पेशंट, खालचा औषधवाला, सगळे वाट बघत होते. मुरली डॉक्टर स्वतः दुर्बिणीनं करून घेतायत, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? मला ते ऑपरेशन देखणं करायचं होतं.

आत सगळं चिकटलेलं होतं. इतक्या वर्षांच्या गोळ्यांनी दाबलेली सूज. आतडं पित्ताशयाला बिलगलेलं. कॉटरी म्हणजे विजेनं तापणारं हत्यार. त्यानं कापता कापता रक्त थांबतं. त्या कॉटरीनं मी कणाकणानं आतडं सोडवत गेलो. अशा वेळी "उघड" म्हणणारा माणूस, पडदा काळा करणारा माणूस, कॅमेऱ्यामागे नव्हता. तो टेबलावर होता.

निघालं सगळं. फेरीही मारली. आतड्यावर एका जागी जरा फिकट दिसलं का? मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. कधी वाटतं दिसलं होतं, कधी वाटतं पुढे जे कळलं त्यामुळे मला ते आता दिसतं. छिद्र नव्हतं, एवढं नक्की. टाके घालून मी बाहेर आलो आणि काकूंना म्हणालो, "चार छिद्रांतच झालं."

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सरांचा खांदा दुखत होता. पोटात भरलेली हवा उरते, ती खांद्यात दुखते. आम्ही सगळ्यांना हे सांगतो आणि बहुतेकदा ते खरंही असतं. मी म्हटलं, "सर, गॅसचं आहे." सर म्हणाले, "असंन." मी विचारलं, "वारा सरला का?" शेजारच्या खाटेवरचे लोक कान देऊन होते. सर म्हणाले, "सरला ना." ताप किंचित होता. नाडी थोडी जलद. दोन्हींना मी कारणं शोधली, कारणं नेहमी सापडतात. मी त्यांच्या पोटावर हात ठेवला, पण चादरीवरून, पाहुण्याच्या पाठीवर ठेवतात तसा. सरांचं धोतर सैल करून, उघड्या पोटात बोट घालून, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत दाबायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही. ज्यांनी मला पोट तपासायला शिकवलं, त्यांचं पोट मी तपासलं नाही. इतर कोणत्याही पेशंटचं तपासलं असतं.

त्यांचाच एक नियम होता: दुर्बिणीचा पेशंट रोज कालच्यापेक्षा बरा दिसला पाहिजे, नसेल दिसत तर कारणं शोधू नका, पोट बघा. तिसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्यापेक्षा बरे नव्हते. मी तरीही राउंड उरकून दाराकडे निघालो होतो. काकू उशाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुधाकर, यायनं कालपासून कोणालेच रागावलं नाई. चहा थंड आणला तरी काही बोलले नाई. मले हे बरं नाई वाटून राहिलं."

मी परत फिरलो. सिस्टरांना पडदा लावायला सांगितला. चादर काढली. तळवे चोळले, माझे हात बर्फासारखे होते. उजवा हात पसरून त्यांच्या पोटावर ठेवला. पोट पाटासारखं कडक होतं. मी एक बोट दाबलं आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सर, वारा सरला नव्हता ना?"

"नाई."

"मग काल हो का म्हणालात?"

"सारे लोक ऐकून राहिले होते बे," सर डोळे मिटून म्हणाले. "तुझं नाव झालं असतं ना खराब."

मी नागपूरला न्यायची भाषा केली. सरांनी मान हलवली. पोटात घाण पसरत असताना एवढा रस्ता म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. "तूच उघड. मोठा चिरा घे. लाजू नको. अन् धुऊन घे चांगलं, गाळ नको ठेवू." भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. ओळखीच्या एका सर्जनला मदतीला घेतलं. दुपारच्या आत सर पुन्हा टेबलावर होते. ज्या जागी मी आतडं सोडवलं होतं तिथं, मागच्या बाजूला, कॉटरीच्या उष्णतेनं भाजलेली भिंत विरून छिद्र पडलं होतं. तीळभर. पाळ आतून भिजत राहिली होती, आणि आम्ही दोघं एकमेकांचा आब राखत वर उभे होतो.

सर वाचले. सरळ, सहज नाही. नळ्या, ताप, जखमेत पू, खंगलेलं शरीर. मी रोज त्यांच्या खाटेशी बसायचो. एके दिवशी माझ्याच्यानं राहवलं नाही. मी रडत काहीतरी बोलू लागलो. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

"भाजलं ते होते," मग ते म्हणाले. "माझ्या हातून पण झालं असतं. उघडलं पायजे होतं, ते आपण नंतर म्हणतो. पण दाबलं नाई, ते तुझं. अन् मी खोटं बोललो, ते माझं. दोन शहाण्याइनं मिळून एक पोट फोडलं बे." आणि हसायला गेले, तर टाके दुखले.

त्यांनी वाटणी करून दिली, पण मला माझा वाटा उचलवेना. मी दुर्बीण बंद केली. लहानसहान ऑपरेशनं करायचो. पित्ताशय आलं की म्हणायचो, नागपूरला जा. सरांना हे कोणी सांगितलं नव्हतं. ते घरी सावरत होते आणि मग केशोरीला राहायला जायचं ठरवून सामान बांधत होते. निघायच्या दिवशी दवाखान्यात सगळ्यांना भेटायला आले आणि माझ्या खोलीत कोपऱ्यात पेपर उघडून बसले.

समोर देवरीकडची एक बाई होती, फुलाबाई, आणि तिचा नवरा. खडे, वारंवार दुखणं, दुर्बिणीनं करण्याजोगं अगदी सरळ प्रकरण. मी नागपूरचा पत्ता सांगायला लागलो.

फुलाबाईचा नवरा म्हणाला, "साहेब, नागपूरले कोन जाईन? धान कापाचं आहे. तुमीच करत होते ना?" मग चाचरत, "का ते... तुमच्या गुरुजीचं झालं तसं झालं म्हनून?"

पेपर खाली आला. "कोणता गुरू?" सर म्हणाले. उठून पुढे आले आणि उभ्या उभ्या शर्टाची बटणं काढू लागले. बनियन वर केलं. पोटावर वरपासून खालपर्यंत जाडजूड, अजून लालसर व्रण, आणि त्याच्या आसपास चार बारीक डाग.

"पाहून घे, माय. हे चार याच्या पहिल्या दिवसाचे. अन् हा महामार्ग नंतरचा."

फुलाबाईनं पदर तोंडाला लावला. घाबरून की हसून, कळलं नाही. "दुखलं का जी?"

"लई. असं होऊ शकते, तुझ्या पण पोटात. फार कमी लोकाइले होते, पण होते. झालं तर उघडा लागते. घरी गेल्यावर पोट फुगलं, ताप आला, वारा नाई सरला, तर लाजाचं नाई, धान सोडून याचं. समजलं?" मग माझ्याकडे बोट केलं. "अन् हा तुझं पोट रोज दाबून पाहीन. यानं एकदा नाई दाबलं, आता जिंदगीभर दाबते."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "मंग यायच्याच हातानं करू."

मी फुलाबाईला ऑपरेशनची तारीख लिहून दिली. सर बनियन खाली घेत, तिच्या नवऱ्याशी यंदाच्या धानावर बोलत, शर्ट चढवत होते.

ते केशोरीला गेले ते परत आले नाहीत. काही महिन्यांनी झोपेतच गेले. त्यात तुझ्या टाक्यांचा काही संबंध नाही, असं काकूंनी मला फोनवर सांगितलं. मी विचारलं नव्हतं तरी.

केशोरीला निघाले त्या दिवशी मी त्यांना खिडकीतून पाहिलं, ते शेवटचं. बसस्टँडला जायला ऑटो थांबला होता. काकू आत बसल्या होत्या. सर रस्त्यावर उभं राहून औषधवाल्याचा निरोप घेत होते. शर्टाचं बटण चुकलं होतं, एक बाजू वर, एक खाली, आणि मधल्या फटीतून पांढरं बनियन दिसत होतं. मी खिडकी सताड उघडली आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर ओरडलो, "सर, बटण!"

त्यांनी खाली पाहिलं. वर पाहिलं. कधी नव्हे ते खूप खूश दिसले. हातानंच 'राहू दे' अशी खूण केली आणि तसेच ऑटोत चढले.